मेरिटवर निवडलेला ब्राउझर

आमच्या लातुरात माणसाला कसा आहेस असं विचारत नाहीत, किती पडले असं विचारतात. लग्न होऊन नांदेडहून इथं आले, तेव्हा शेजारणीनं चहाच्या आधी माझे बारावीचे मार्क विचारले होते. मी सांगितले. तिनं असं तोंड केलं की मला तो चहा काही गोड लागला नाही.

तर अशा गावात माझे मालक फिजिक्सचा क्लास चालवतात. मन्मथ सर. सगळं गाव सर म्हणतं, म्हणून मी पण सरच म्हणते. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी क्लास काढला तो पत्र्याच्या शेडमध्ये, कारण तेव्हा स्लॅबखाली पोरगं बसवायला कुणी आई-बाप तयार नव्हते. त्याच हिवाळ्यात आमचं लग्न झालं. नांदेडला माझ्या मावश्या म्हणायच्या, जमीन हलून राहिली तिकडं आणि तुम्ही पोरगी देऊन राहिले? पण स्थळ चांगलं होतं, आणि जमिनीचं काय, थांबली. पत्र्याची शेड मात्र अशी की बाहेर कुणी खोकललं तरी आत न्यूटन गप्प व्हायचा. म्हणून दारात मला बसवलं. येईल त्या पालकाला मी सांगायचं, "हळू बोला, सरांचा तास चालू आहे." पुढं शेडची इमारत झाली, बॅचेस वाढल्या, गावोगावची पोरं खोल्या करून लातुरात राहायला लागली, पण माझं वाक्य काही बदललं नाही. मराठीत एम.ए. केलेली बाई मी, आणि उभ्या आयुष्यात बोलले ते एवढं एकच वाक्य. राग येणार नाही तर काय होईल?

आणि मग दोन हजार सतराच्या जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा, सिंधुचा, नांदेडहून फोन आला. सिंधु तिथं शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या आयुष्यात लुडबुड करते.

"अक्का, जर्मनीतल्या मराठी लोकांनी पोरांसाठी रविवारची शाळा काढली हाय. ऑनलाइन. त्यांना मराठीच्या बाई पाहिजेत. मी तुझं नाव देऊन टाकलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

हे खरं होतं, म्हणून अजूनच राग आला. रागारागात फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. अगं बाई, मला कुणीतरी बाई म्हणणार! इथं मला भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे 'सरांच्या मिसेस' म्हणतात. माझं नाव राजश्री आहे हे गॅसच्या पुस्तकाशिवाय कुठं लिहिलेलं नसेल. मला ती नोकरी पाहिजे होती. लई पाहिजे होती. इतकी, की त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि सर तांब्याभर पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी जर्मनीहून मनस्विनीबाईंचा फोन आला. शाळा त्याच चालवतात. मूळच्या पुण्याच्या, बोलणं इस्त्री केलेलं. "राजश्रीताई, रविवारी दुपारी तीनला, म्हणजे तुमच्या तीनला, एक नमुना तास घ्या. मुलं असतील, मी असेन. वर्ग ब्राउझरमध्येच भरतो, मी लिंक पाठवते. मोबाइलवर फळा नीट दिसत नाही, तेव्हा कॉम्प्युटर हवा. आणि ज्या कॉम्प्युटरवरून पुढे शिकवणार, त्याच्यावरूनच नमुना तास द्यायचा, असा नियम आहे. मागे एकींनी भाच्याच्या लॅपटॉपवरून छान तास घेतला, आणि पुढच्याच आठवड्यात भाचा लॅपटॉप घेऊन बंगळूरला गेला."

मी हो हो म्हणाले. फोन ठेवल्यावर कॉम्प्युटरकडं बघितलं आणि अरे देवा म्हणाले.

आमचा कॉम्प्युटर म्हणजे सरांचं पहिलं बाळ. जग कुठल्या कुठं गेलं, पण आमच्या पडद्यावर अजून तेच हिरवं टेकाड आणि वर निळं आभाळ. विंडोज एक्सपी. बनवणाऱ्या कंपनीनंसुद्धा केव्हाच हात जोडले होते, की बाबांनो आता पुरे, नवीन घ्या. पण सरांचं तत्त्व एकच: चालतंय की! त्यांची स्कूटर चालतीय की, त्यांची चामड्याची बॅग चालतीय की. आणि त्या कॉम्प्युटरमध्ये होती त्यांची प्रश्नपेढी. इतक्या वर्षांचे सगळे पेपर त्यांनी स्वतः एकेका बोटानं टाइप केलेले, आणि ते सॉफ्टवेअर फक्त त्याच विंडोजवर उघडायचं.

मी त्यातल्या जुन्या निळ्या 'ई'वर टिचकी मारून मनस्विनीबाईंची लिंक उघडली. पांढराफटक पडदा आणि मधोमध एक ओळ: तुमचा ब्राउझर फार जुना आहे.

"अहो!" मी ओरडले. मी 'अहो' म्हणाले की सरांना कळतं, काहीतरी जळलंय.

सर माणूस वाईट नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. नोकरीचं ऐकून त्यांना आनंदच झाला होता. "कर की! घरातल्या घरात हाय, जायचं न्हाई यायचं न्हाई." पण सरांचा आनंद त्यांच्या रागापेक्षा जास्त धोक्याचा असतो, हे मला तेव्हाच आठवायला पाहिजे होतं. ते बाह्या सरसावून बसले. सगळ्यांकडं असतो तो रंगीत गोलवाला ब्राउझर उतरवायला गेले. त्यानं नम्रपणे कळवलं, तुमच्या विंडोजवर आम्ही आता येत नाही.

"मग विंडोज बदला," मी म्हणाले.

सर कॉम्प्युटरपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले, जसं काही मी त्याला विहिरीत ढकलायला निघाले होते. "प्रश्नपेढी!" एवढंच म्हणाले. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

सिंधुला फोन केला. ती सोमवारी सकाळची एसटी पकडून लोहा, अहमदपूर करत दुपारी दारात हजर. एका हातात अर्धापूरच्या हिरव्या केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात पेनड्राइव्ह.

"दाजी, घाबरू नका," ती म्हणाली. "आमच्या शाळेत पण हेच विंडोज होतं. जुन्या विंडोजवर चालतील असे नवे ब्राउझर काही हौशी लोकांनी बनवून ठेवलेत. मी तीन आणलेत."

तिनं तिन्ही बसवले. पडद्यावर तीन नवी चित्रं आली: एक चांदणी, एक लाल बाण, एक हिरवी छत्री. नावं इंग्रजीत काहीतरी लांबलचक होती, आम्ही चित्रांवरूनच हाक मारायला लागलो. सिंधुनं सोबत आणलेला कॅमेरा आणि माइक जोडून तिन्हीत तपासून घेतले आणि हात झटकले. "तिन्ही उघडतात. आठवडाभर वापरून बघा, जे बरं वाटंल ते ठेवा."

"बरं वाटंल?" सरांच्या कपाळावर आठी चढली. "बरं वाटंल म्हणजे काय, सिंधुताई? लातूर हाय हे. इथं बरं वाटून काही होत न्हाई. निवड मेरिटवर होईल."

सिंधु इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही हसले. आम्हाला वाटलं, सर गंमत करून राहिले. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली, आणि मंगळवारी सकाळी सरांनी प्रश्नपत्रिका काढली.

खोटं सांगत नाही. खरीखुरी प्रश्नपत्रिका. रोल नंबर एक चांदणी, दोन बाण, तीन छत्री. प्रश्न पहिला: लिंक किती वेळात उघडली? दुसरा: अक्षर स्वच्छ आहे का? तिसरा: चित्र पूर्ण आलं का? बरोबरला अधिक चार, चुकीला वजा एक. मी मध्येच मिक्सर लावला तर सरांनी आतून आवाज दिला, "परीक्षा चालू हाय!" मला स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलं हो त्या माणसानं. हिरवी मिरची तशीच भांड्यात राहिली.

चांदणी पहिल्याच दिवशी उडाली. मराठी अक्षरांच्या जागी तिनं नुसते चौकोन काढले. "मराठीत नापास," सर म्हणाले आणि तिच्यावर काट मारली. राहिले बाण आणि छत्री. दोघांनी लिंक उघडली, पण दोघांनाही वेळ लागला. पडद्यावर हसरा सूर्य आला, खाली लिहिलेलं: 'स्वागत, राजश्री! शुभ मंगळवार! वर्ग लवकरच सुरू होईल.' मी तर ते 'राजश्री' बघूनच हरखले.

"उद्या परत," सर म्हणाले.

"उद्या कशाला? उघडलं की!"

"सराव न करता पोरगं मेरिटला येतंय का?"

आता आमच्याकडची रीतच ती. एकच पेपर घोटायचा, इतका घोटायचा की पोरानं झोपेतसुद्धा उत्तर द्यावं. बुधवारी सरांनी त्याच लिंकचा पेपर सकाळी घेतला, दुपारी घेतला, बॅच सुटल्यावर पुन्हा घेतला. बाणाची प्रगती बघण्यासारखी होती. सकाळी वेळ लागला, दुपारी कमी, आणि तिसऱ्यांदा तर टिचकी मारायच्या आत सूर्य हजर. "बघ! बघ!" सर खुर्चीतून उठायचे. छत्री मात्र तशीच्या तशी. गोल गोल फिरायची, थांबायची, विचार करायची, आणि मग कुठं सूर्य उगवायचा.

"काय गं छत्रे, तुझं लक्ष कुठं असतंय?" सर तिला म्हणाले. मला एकदम त्या छत्रीची दया आली. का ते माहीत नाही.

शुक्रवारी तर कहरच झाला. आमच्या गल्लीत नेट गेलं. डोंगलवरचा हिरवा दिवा विझलेला. पण वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक, सरांनी पेपर घेतलाच. छत्रीनं पांढरा पडदा दाखवला आणि लिहिलं, इंटरनेट जोडलेलं नाही.

"कारणं सांगून राहिली!" सरांनी वजा एक मारला.

बाणावर टिचकी मारली. सूर्य हजर! स्वागत, राजश्री!

सर डोळे विस्फारून बघत राहिले. "नेट न्हाई, काही न्हाई, तरी पोरानं उत्तर दिलं! याला म्हणतात तयारी!" आणि त्यांनी बाणाला खास दहा गुण वाढवून दिले. मीही टाळी वाजवली. सूर्याखाली काय लिहिलंय ते वाचतंय कोण? सरांचं लक्ष घड्याळावर आणि माझं सरांवर.

शनिवारी निकाल लागला. कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर गुणवत्ता यादी चिकटवली. लाल बाण, प्रथम. हिरवी छत्री, शेवट, आणि पुढं लाल शाईनं 'रिपीट'. सरांनी मॉनिटरला कुंकू लावलं, पेढे वाटले. बॅचच्या पोरांना वाटलं सरांच्या कुणा भाच्याला मेडिकल लागलं. पोरं पेढे खाऊन गेली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि या सगळ्यात मी सुटले असेन असं वाटत असेल, तर तुम्हाला आमचे सर कळलेच नाहीत. "तुझं पण घोटून घेऊ," म्हणाले. धडा ठरला होता, फळांची ओळख. सरांनी तो सगळा लिहून काढला, पुणेरी भाषेत. 'नमस्कार, बालमित्रांनो! आज आपण फळांची ओळख करून घेणार आहोत.' मी 'लई' म्हणाले की वजा एक. 'हो'च्या जागी 'हाव' म्हणाले की वजा एक. "जर्मनीत असलं चालत न्हाई," सर म्हणायचे, जसं काही रोज जर्मनीलाच जाऊन येतात. मी कणीक मळताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. शेवटी कुकरच्या तीन शिट्ट्यांत माझा अख्खा धडा बसायला लागला, आणि सर म्हणाले, "आता तुला कुणी हलवू शकत न्हाई."

रविवार उजाडला. मी इरकल नेसले. सरांनी वर नवा शर्ट घातला, खाली पायजमा तसाच, कारण ते कॅमेऱ्यात येणार नव्हते. तीन वाजायला आले तसं सरांनी स्वतः बाणावर टिचकी मारली, लग्नात अक्षता टाकतात तसं जरा लांबून.

सूर्य हजर. स्वागत, राजश्री!

"शाब्बास!" सर बाणाला म्हणाले आणि खुर्चीमागं भिंतीला चिकटून उभे राहिले.

मी हसले. पदर सावरला. वर्ग लवकरच सुरू होईल, असं लिहिलेलं. मी हसतच राहिले. सूर्यही हसत होता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसत होतो. तीन वाजून गेले.

"हे सुरू का होत नाही?" मी दात न हलवता विचारलं.

"हसत राहा," सर कुजबुजले. "संयम बघून राहिले ते. मुलाखतीत असंच असतंय."

मी अजून हसले. गाल दुखायला लागले. मग मला वाटलं, आपणच सुरुवात करायची असेल. "नमस्कार, बालमित्रांनो!" मी सूर्याला म्हणाले. सूर्य काही बोलला नाही.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मनस्विनीबाई. "ताई, कुठे आहात तुम्ही? मुलं कधीची बसलीत."

"मी इथंच आहे की! वर्गातच बसले."

"वर्गात तुमची खुर्ची रिकामी दिसतेय. हे बघा, मुलं आता चुळबुळ करायला लागलीत, आणि आज दुसऱ्याही एका बाईंना बोलावलंय. पाच मिनिटांत आला नाहीत तर मला त्यांचा तास लावावा लागेल. माझा नाइलाज आहे."

फोन ठेवला आणि त्या सूर्याकडं पहिल्यांदा डोळे उघडून बघितलं. खाली चक्क लिहिलेलं होतं, 'शुभ बुधवार!'

"अहो, आज वार कुठला?"

"रविवार."

"मग हा बुधवार कुठून आला?"

सरांनी वाकून बघितलं. घसा खाकरला. "जर्मनीत असंल," म्हणाले. "तिकडं घड्याळ मागं असतंय."

"घड्याळ मागं असतंय हो! वार न्हाई!" मी अशी ओरडले की सर भिंतीत अजून थोडे आत गेले. आणि ओरडता ओरडता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शुक्रवारी नेट गेलं होतं तेव्हाही हाच सूर्य. "अहो, ह्याला काही येत न्हाई! ह्यानं बुधवारचं पाठ करून ठेवलंय आणि रोज तेच म्हणून दाखवतंय! हा वर्गात जातच न्हाई, दाराबाहेर बसून घोकतंय मेलं!"

सर बिचारे पांढरे पडले. त्यांनी डोंगल उपटलं आणि पुन्हा बाणावर टिचकी मारली. सूर्य हजर! स्वागत, राजश्री! इतकी वर्षं परीक्षा घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात स्वतःचा पहिला नंबर रंगेहाथ सापडला.

"कॉपी!" सर ओरडले. "ह्यानं कॉपी केली!"

"त्याचं नंतर बघा, आधी ते डोंगल लावा!" मी छत्रीवर टिचकी मारली.

छत्री गोल गोल फिरायला लागली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. फिरतेय, फिरतेय. "तिला वजा बारा हायेत," सर हळूच म्हणाले.

"तुमचे वजा बारा तुमच्यापाशी ठेवा! ती बिचारी प्रत्येक वेळी जाऊन बघून येते म्हणून तिला वेळ लागतो. तुम्हाला कधी दिसलं ते?" नोकरी चालली होती माझी. दारापर्यंत आलेली, माझ्या नावाची.

आणि छत्री उघडली. शुभ रविवार! खाली चौकोनाचौकोनांत पोरंच पोरं, कुणी टेबलावर चढलेलं, कुणी पायमोजा चावणारं, आणि कोपऱ्यात घड्याळाकडं बघणाऱ्या मनस्विनीबाई. मी खुर्चीवर अशी बसले की खुर्ची करकरली.

"नमस्कार, बालमित्रांनो! आज आपण फळांची ओळख करून घेणार आहोत."

पहिल्या चौकोनात पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा होता. खाली नाव लिहिलेलं, गंधार. त्यानं हात वर केला. "बाई, तुम्ही उशीर का केला?"

बाई म्हणाला तो मला. पण माझं तोंड आपलं कुकरच्या शिट्टीसारखं पुढं निघालेलं. "फळे आपल्या आरोग्यासाठी अत्यंत उपयुक्त असतात."

"बाई, पण उशीर का केला?"

"आंबा हा फळांचा राजा..." म्हणाले आणि थबकले. ते पोरगं काय विचारतंय आणि मी काय सांगून राहिले? आठवडाभर पाठ केलेलं म्हणून दाखवून राहिले, त्या बाणासारखंच. समोर खरीखुरी पोरं बसलीत आणि मी अजून बुधवारातच! मला हसूच फुटलं. दाबायला गेले तर अजून फुटलं.

"सांगते, बाळांनो," मी म्हणाले. "लई मोठी गंमत झाली."

आणि सगळं सांगितलं. आमच्या बोलीत, आमच्या हेलात. चांदणीनं चौकोन कसे काढले, सरांनी पेपर कसा घेतला, मला स्वयंपाकघरातून कसं बाहेर काढलं, बाणाला पेढे वाटले आणि तो लबाड कसा निघाला. पोरं खुर्चीवरून घसरायची बाकी होती. एका मुलीनं विचारलं, लई म्हणजे काय? मी म्हणाले, खूप असतं ना, त्याच्या पण वर जे असतं ते. मग सगळी पोरं लई लई करत सुटली. सिंधुनं आणलेल्या फणीतलं एक पिवळंधमक केळं टेबलावरच होतं, ते कॅमेऱ्यासमोर धरलं. फणी म्हणजे काय, घड म्हणजे काय, केळीला घड एकच कसा येतो ते सांगितलं. सोललं आणि खाल्लं. सगळ्यांनी घरातून जे मिळेल ते फळ आणलं आणि नाव सांगत सांगत खाल्लं. धडा कधी झाला ते मला कळलंच नाही.

"बाई," गंधार तोंडात सफरचंद ठेवूनच म्हणाला, "मग पहिला नंबर चुकला ना? बदला ना तो."

"तो बदलायचा हक्क सरांचा," मी म्हणाले आणि सरांचा हात धरून त्यांना पायजम्यासकट कॅमेऱ्यात ओढलं.

आता हे सांगायला पाहिजे, की लागलेला निकाल आमच्या सरांनी आयुष्यात कधी बदललेला नाही. आई-बाप रडले तरी नाही. सर भिंतीवरच्या यादीकडं बघत उभे राहिले. पोरं ओरडत होती, बदला, बदला! सरांनी खिशातून लाल पेन काढलं, 'रिपीट' खोडलं आणि छत्रीच्या पुढं 'प्रथम' लिहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "परीक्षकाची चूक झाली." पोरांनी असा गलका केला की कॉम्प्युटरचे स्पीकर खरखरले.

मनस्विनीबाई इतका वेळ एकदाही हसल्या नव्हत्या. पोरं गेल्यावर त्या एकट्याच पडद्यावर राहिल्या.

"वेळेच्या बाबतीत मी फार कडक आहे, राजश्रीताई."

"हो," मी म्हणाले.

"पण आमची मुलं तास संपायच्या आधी निघून जातात. आज त्यांना बळंच घालवावं लागलं. पुढच्या रविवारी याल का? आणि त्याच्या पुढच्या? कायमच्या?"

"हाव!" माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, हो."

"हाव चालेल," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं हसल्या.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. इरकल सावरत घरभर नाचले. सिंधुला फोन लावला तर तिनं नांदेडला किंकाळी ठोकली. उरलेले पेढे बाणाच्या नावाचे होते, ते मी छत्रीच्या नावानं खाल्ले. सर एकेक पेढा माझ्या हातावर ठेवत होते.

पुढच्या रविवारी माझा पहिला खरा तास. छत्री निवांत फिरली, उघडली, पोरं आली. मी रंगात येऊन बोलत होते आणि बाहेरचं दार धडाधडा वाजलं. रिपीटर बॅचच्या प्रवेशाला कुणीतरी मुदखेडहून पोराला घेऊन आलं होतं. आवाज असा, जसं काही शेतातून हाक मारतायत. "सर हायेत का घरी?"

इतक्या वर्षांची सवय. माझं वाक्य ओठांवर आलं, मी अर्धी उठलेसुद्धा. पण माझ्या आधी सरांच्या चपला घाईघाईनं दाराकडं गेल्या. कडी निघाली. आणि मला दबक्या आवाजात ऐकू आलं, "हळू बोला. बाईंचा तास चालू आहे."